चांदीचा कोळसा कसा झाला

सोनोराच्या वाळवंटात उन्हं उतरल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. त्या दिवशी मात्र सांता गेर्त्रुदिसचं अख्खं गाव दुपारपासूनच झऱ्यापाशी, जुन्या पाद्र्यांच्या मिशनच्या पडक्या चर्चच्या सावलीत जागा धरून बसलं होतं. शहरातल्या दैनिकाने मला बातमीसाठी पाठवलं होतं. पण हे माझंच गाव, त्यामुळे कोणी माझी दखल घेतली नाही. सगळ्यांचे डोळे प्रोफेसर फाबियान ओकारान्सा यांच्यावर होते. ते कुठे शिकवतात, हे कोणी विचारलं नव्हतं.

"मागे सरा, मंडळी!" प्रोफेसर ओरडले. "पाद्रीबाबा माझ्या स्वप्नात लॅटिनमध्ये बोलतात. चांदी इथेच पुरली म्हणतात. त्यांच्या आत्म्याला गर्दी सोसत नाही."

अंधारू लागलं तसे ते गुडघ्यांवर बसले, वाळूवर हात फिरवला, आणि वाळूतून निळी ज्योत उठली. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. ज्योत विझल्यावर त्याच जागेतून प्रोफेसरांनी चांदीचं एक जुनं नाणं उकरून काढलं.

नाणं हातोहात फिरत शाळेच्या बाई एलोदिया यांच्याकडे आलं. त्यांनी ते बॅटरीच्या उजेडात धरलं.

"ह्यावर राजाचं डोकं आहे. साल सतराशे एक्क्याऐंशी. पाद्र्यांना तर राजाच्या शिपायांनी सतराशे सदुसष्टलाच धरून नेलं. मग पुरायला परत आले होते का?"

लोक हसले. प्रोफेसरही हसले. "बाई, आत्म्याला कॅलेंडर नसतं!"

यावर लोक दुप्पट हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेच्या वर्गात दारं लावून अंधार केला, वाळूत औषधाच्या दुकानातलं स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. तशीच निळी ज्योत! गावचा मुखिया रामिरो डोकं खाजवत म्हणाला, "तुमची खोटी ठरली म्हणून त्यांचीही खोटी कशी, बाई?"

खरी काळजी पडली होती तिओदोराआजीला. ती इथल्या मूळ ओओधाम जमातीची, पाद्री यायच्या आधीपासून तिचे लोक ह्या झऱ्यावर राहत आले. तिची अंजिरं-डाळिंबं ह्याच पाण्यावर जगत होती.

"रामिरो, खोदू नकोस रे. खाली चिकणमातीचा थर आहे, त्याच्याखाली नुसती वाळू. थर फुटला की पाणी गेलं."

"आजी, चांदी मिळाली की तुला नळ बसवून देतो."

"कसली चांदी? पाद्र्यांच्या विटा आम्ही थापल्या, गहू आम्ही कापला. चांदी असती तर आमच्याच पाठीवरून आली असती ना? आमच्या घरात चांदीची गोष्ट कधी कोणी सांगितली नाही. चाबकाची सांगितली."

पण पाद्रीबाबांच्या शांतीसाठी करायच्या प्रार्थनांची वर्गणी आधीच प्रोफेसरांच्या खिशात गेली होती.

शनिवारी सकाळी जेसीबी लागला. ओली माती वर येऊ लागली. ऊन चढलं तसे सगळे जेवायला घरी गेले. प्रोफेसर मात्र खड्ड्यापाशी जप करत थांबले, शेजारी त्यांची गाडी. लोक परतले आणि पहिल्याच फावड्याला काळं काही लागलं. कोळसा!

आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं की हावरट माणूस जवळ असला तर पुरलेल्या धनाचा कोळसा होतो.

"तुमच्यातच कोणाच्या तरी मनात हाव आहे," प्रोफेसर दुःखी आवाजात म्हणाले. "ज्याला हे धन वर यायलाच नको होतं, त्याच्या."

माना एकेक करून तिओदोराआजीकडे वळल्या.

एलोदियाबाई खड्ड्यात उतरल्या. कोळसा मुठीत धरून वर आल्या. "हात लावून बघा! खड्डा ओलाचिंब, आणि कोळसा कोरडा ठणठणीत! हा पोत्याचा दोराही चिकटलाय. रविवारी मांस भाजायला दुकानातून आणतो तोच कोळसा. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा ह्यांनी टाकला."

क्षणभर मला वाटलं, जमलं. रामिरोने कोळसा खरंच चाचपून पाहिला.

"कोरडा आहे," तो म्हणाला. "म्हणजे आत्ताच झालाय. चांदी होती म्हणायची!"

संध्याकाळी प्रोफेसर निघून गेले. दोन दिवसांत झरा खड्ड्यातून खाली गेला आणि परत आला नाही. माझी बातमी आतल्या पानावर आली. गावात ज्यांनी वाचली, त्यांनी मला सांगितलं की मी आजीची बाजू घेतली.

आता टँकर येतो. रांगेत तिओदोराआजीच्या मागे-पुढे चार हात जागा मोकळी असते. ती बादली भरते आणि अर्धी डाळिंबांना घालते. पानं गळायची थांबलेली नाहीत. एलोदियाबाई तिच्याशेजारी उभ्या राहतात, दुसरं काही त्यांच्या हातात उरलेलं नाही.

परवा रामिरोने मला बाजूला घेतलं. "तू शहरात राहतोस, शिकलेला आहेस. खरं सांग, हाव कोणाची होती?"

ज्याने वर्गणी नेली त्याचं नाव त्याला अजून सुचलेलं नाही. म्हणून इथे छापून सांगतो. जमिनीत धन आहे म्हणणाऱ्याच्या हातातल्या नाण्याचं साल वाचा. ज्योत दिसली तर वाळूचा वास घ्या. तुमच्या शाळेची बाई काही सांगत असेल तर फावडं उचलण्याआधी ऐका. नंतर ऐकलंत तर ती चुकलेली नसते, पण पाणी गेलेलं असतं.