ओढ्यापलीकडचा नर

म्हाताऱ्या डेल्मरचे कान गेले, तोंड मात्र शाबूत होतं. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरांत रानटर्कीला साद घालावी तर डेल्मर स्ट्राउडनेच, असं अख्खं खोरं मानायचं. पण नराचं उत्तरच ऐकू येत नसेल तर साद घालून करायचं काय? त्या वसंतात त्याने आपली सीडरच्या लाकडाची डबी, झाकण घासलं की मादीसारखी साद काढणारी, मुलीच्या, रोनाच्या हातात दिली आणि बंदूक घेऊन मुकाट तिच्या मागे चालू लागला.

उजाडता उजाडता ओढ्यापलीकडच्या ओकच्या झाडावरून नराची गडगडती साद आली. रोनाने बापाचा खांदा दाबून दिशा दाखवली. दोघं एका जाड बुंध्याला टेकून बसली. तिने डबीचं झाकण हलकेच घासलं, मादीचा झोपाळू आवाज निघाला. लगेच उत्तर आलं. नर खाली उतरला आणि पिसारा फुलवून पलीकडच्या काठावर येरझाऱ्या घालू लागला. पाणी ओलांडायला मात्र तयार होईना. मादीनेच आपल्याकडे यावं, हा त्याचा हट्ट.

"बोलतोय का गं?" डेल्मरने विचारलं. त्याच्या हिशेबी ती कुजबुज होती. नराची मान ताठ झाली. रोनाने श्वास रोखून धरला. बऱ्याच वेळाने ती मान खाली आली.

आणखी घास, जोरात घास, अशी बापाने बोटांनी खूण केली. हाकांवर हाका मारून नराला बेजार करायचं, ही त्याची आयुष्यभराची रीत. रोनाने मानेनेच नाही म्हटलं. या नराने प्रत्येक शिकाऱ्याची डबी ऐकली असणार. ती बापाला तिथेच ठेवून, पोटावर सरपटत मागच्या चढावर गेली. तिथून ओढ्याकडे पाठ करून तिने नुसत्या गळ्यातून एकच साद घातली, निघून चाललेल्या मादीसारखी. मग हाताने वाळका पाला उकरला, जणू मादी दाणे टिपण्यात त्याला विसरूनच गेली. आणि मग गप्प बसली.

नरही गप्प झाला. आपलं चुकलं की काय, असं तिला वाटलं. तेवढ्यात पंखांचा जड फडफडाट ओढ्यावरून आला. बापाला तो ऐकू येणं शक्य नव्हतं आणि तिला ओरडून सांगता येत नव्हतं. पण वरून तिला दिसलं, बंदुकीची नळी सावकाश वर सरकत होती. बार झाला.

ती खाली आली तेव्हा डेल्मर नराशेजारी टोपी काढून उभा होता.

"तुझ्या जागी मी असतो तर डबी घासतच बसलो असतो," तो म्हणाला, "आणि हा अजून तिकडेच नाचत असता."

गावातल्या दुकानासमोर गाडी थांबली तशी माणसं जमली. नराच्या छातीवर लोंबणारी केसाळ दाढी, पायांच्या नख्या बघून झाल्यावर सगळ्यांनी डेल्मरकडे तोंडं वळवली.

"मला काय विचारता? मी नुसता चाप ओढला," तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "बोलावलं माझ्या पोरीनं. मला जमलं नसतं."

रोनाने मान खाली घातली नाही. गाडीच्या फळीला टेकून, घाई न करता, तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. शब्द ऐकू येत नव्हते, तरी डेल्मर तिच्या ओठांकडे बघत हसत होता.