ओबरक्रेमरांची तुटकी पायरी

“जपून गं पोरी, पायरी तुटकी आहे!”

दाराला हात लागायच्या आधीच आतून हाक यायची. तीही ओठांत धरलेल्या खिळ्यांच्या फटीतून, म्हणून थोडी शीळ घातल्यासारखी. नदीन तेव्हा सात वर्षांची. बापाचे रेल्वे-यार्डातले जड बूट छातीशी कवटाळून ती हिकरी रस्त्यावरच्या वेंडेल ओबरक्रेमरांच्या बूट-दुरुस्तीच्या दुकानात यायची. आत चामड्याचा वास, मेणाचा वास, रेडिओवर बेसबॉल.

“मग दुरुस्त का नाही करत तुम्ही?” तिने एकदा विचारलं होतं.

ओबरक्रेमरांनी खिळे हातावर काढून ठेवले. “खुळी की काय तू? पायरी तुटकी म्हणून माणूस खाली बघतो. खाली बघितलं की त्याला स्वतःचे बूट दिसतात. आणि बूट दिसले की येतो मुकाट आत!”

ब्रॅमवेल गावात हा विनोद सगळ्यांना पाठ होता. नवा पाद्री आला की आधी त्याला ही पायरी दाखवायचे, मग चर्च.

नदीन मोठी झाली, नगरपालिकेत लागली, तिथेच तिचे केस पिकले. सहा वर्षांपूर्वी एका बिल्डरला हिकरी रस्ता हवासा वाटला. तिथे कारंजं, दगडी फरसबंदी, खाली भारी दुकानं आणि वर भारी घरं. त्यासाठी तो रस्ता वेगळा कर-विभाग म्हणून आखायचा होता. मग तिथे जो कुणी काही विकत घेईल त्याने डॉलरमागे एक सेंट जास्त द्यायचा, तेवीस वर्षं, आणि तो पैसा बांधकामासाठी बिल्डरकडे जायचा. कायद्याची अट एकच होती. रस्ता मोडकळीला आलाय, हे आधी कागदावर सिद्ध व्हायला हवं.

आता ज्या रस्त्यावर सकाळी पावाचा वास येतो आणि संध्याकाळी म्हातारे खुर्च्या टाकून बसतात, तो मोडकळीला आलेला कसा दाखवायचा? तर पाहणी करून. सेंट लुईसहून टाय लावलेला एक सल्लागार आला आणि रस्ता ओळखीचा म्हणून सोबतीला नदीनला दिलं. भिंतीचा तडा लिही, पन्हळीचा गंज लिही, उडालेला रंग लिही. निम्म्याहून जास्त इमारतींत दोष निघायला हवा होता. दिवस कलला आणि एकच इमारत कमी पडली.

“अजून एक हवी,” टायवाला गाडीच्या टपावर कागद पसरून म्हणाला. “तुम्ही तर इथल्याच ना?”

आणि नदीन म्हणाली, “ओबरक्रेमरांची पायरी.”

पाहणीच्या तक्त्यात रकाना होता, ‘प्रवेशद्वार धोकादायक’. विनोदासाठी रकाना नव्हता. पण तिच्या मनात खोट नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की दिवे येतील, झाडं येतील, चांगल्या बुटांची गिऱ्हाइकं येतील. जुनी दुकानं राहतीलच, असं सभेत सांगितलंही होतं. ठराव झाला, घरमालकाने इमारत विकली आणि ओबरक्रेमरांचं शिवणयंत्र उघड्या ट्रकमधून निघून गेलं.

आता ते शहाऐंशी वर्षांचे, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. नदीन दर गुरुवारी गूसबेरी भरलेली गोड पाई भाजून घेऊन जायची. ते खायचे, बोट चाटायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, “त्या टायवाल्याची नजर काय पण! पायरी बरोब्बर हेरली पठ्ठ्याने.” शब्द नदीनच्या ओठांपर्यंत यायचे. मग ती दुसरा तुकडा कापायची.

या गुरुवारी त्यांनी पाईला हातच लावला नाही. “मला हिकरीवर ने. जायच्या आधी बघून तरी घेऊ.”

कारंजं होतं. फरसबंदी होती. त्यांच्या दुकानाच्या जागी सुगंधी मेणबत्त्यांचं दुकान होतं. ओबरक्रेमर दाराशी आले आणि त्यांनी पाय उंच उचलला, साठ वर्षांच्या सवयीने. टाच सपाट दगडावर आदळली. तोल गेला. नदीनने दंड धरला म्हणून वाचले.

“सर, पायरी नाहीये इथे!” आतली मुलगी धावत आली. “सगळं सपाट आहे.”

“दिसतंय गं बाई, दिसतंय.” ते दाराला टेकून उभे राहिले. माणसं येत होती, जात होती, माना वर. “बघ नदीन. एकसुद्धा खाली बघत नाही.”

त्यांनी सगळ्यांत लहान मेणबत्ती घेतली. पावती डोळ्यांजवळ धरली. “हे खालचं काय?”

“या रस्त्याचा कर. बांधणाऱ्याला जातो.”

“म्हणजे मला इथून उठवायचा खर्च मीच देतोय!” ते हसले, खोकेपर्यंत हसले. मग कारंज्याच्या कट्ट्यावर बसून मेणबत्ती हातात फिरवत राहिले. नदीन शेजारी बसली. पाण्याचे बारीक थेंब दोघांच्या बुटांवर पडत होते. तिचे बूट त्यांनीच शेवटचे शिवलेले.

“एक मात्र कळत नाही,” ते म्हणाले. “तो टायवाला आमच्या दाराशी आलाच नव्हता. मी खिडकीतून बघत होतो. गाडीपाशीच उभा होता, रस्त्यापलीकडे. तिथून पायरी दिसली कशी त्याला?”

नदीन खाली बघत होती. बुटांकडे.

“त्याला नाही दिसली, मिस्टर ओबरक्रेमर,” ती म्हणाली. “एक कमी पडत होती. मी सांगितली. तुमची पायरी मी लिहून दिली.”