सात महिने

शीतल ओळीतून पुढे आली, वजनकाट्यापाशी थांबली आणि त्याला वळसा घालून पलीकडे गेली.

"अगं, पाय ठेव. जल्दी," संपतसर वहीतून मान वर न काढता म्हणाले.

"न्हाई सर. आजपासून न्हाई."

मंठ्याच्या मैदानावर सकाळी सहाला आठ मुली ओळीत उभ्या होत्या. पाच हजार मीटरला जिल्ह्यात त्यांच्यापुढे कुणी टिकत नव्हतं, आणि त्याचं गणित सर एका वाक्यात सांगत: वजन उतरलं की टायमिंग उतरतं. शीतलनं ते मनापासून पाळलं होतं. रात्रीची भाकरी सोडली. सहा किलो उतरले, टायमिंगही उतरलं. मग ते पुन्हा चढायला लागलं, नडगी ठणकायला लागली. परवा जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. हाडाला बारीक चीर होती. पण त्याआधी त्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला होता, जो आजवर तिला कुणीच विचारला नव्हता.

"काटा सगळ्यांना सारखा," सर म्हणाले. "तुलाच काय झालं?"

"माझी पाळी सात महिने आली न्हाई, सर."

सरांनी घाईघाईनं आजूबाजूला पाहिलं.

"असलं इथं बोलतेत का?"

"मंग कुठं बोलू? वजन तर तुम्ही इथंच करून राह्यले." तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "पळायला लागतं तेवढं पोटात जात न्हाई. मंग शरीर पाळी बंद करतं, हाडं ठिसूळ होतेत. डॉक्टरीणबाईंनी बराबर समजावून सांगितलं. मी सहा आठवडे पळणार न्हाई. अन् दोन्ही टायमाला पोटभर जेवणार."

"टीममधी नाव राहायचं न्हाई मंग."

"काढा."

ती पायरीवर जाऊन बसली, डबा उघडला आणि सगळ्यांदेखत भाकरी मोडली. ती खात राहिली.

"शालू, ये," सरांनी पुढचं नाव घेतलं. शालू त्यांची मुलगी, आणि सगळ्यांत वेगवान.

शालू जागची हलली नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "माझे नऊ."

सरांचा पेन वहीवर तसाच टेकून राहिला. त्यांनी विचारलं,

"आईला म्हाईत आहे?"

"हो. तीच म्हणली, पप्पांना सांगू नको."

शीतलनं डबा उचलून मांडीवर घेतला आणि पायरीवर जागा केली.