दिवा बाहेर ठेवून या

न्यायमंडपात मुंगी शिरायला जागा नसे. पोरं बापांच्या खांद्यावर, म्हाताऱ्या पहिल्या रांगेत. समोर एकच खुर्ची, उंच आणि कानांपर्यंत वळलेल्या पाठीची. तिच्यामागे सम्राटांचा ‘हात’ उभा.

सम्राटांचे पाच मुखत्यार आमच्या वसाहतीवर होते. त्यांच्या तळव्यात धातूची पट्टी बसवलेली, म्हणून सगळे त्यांना हातच म्हणत. पट्टी दाखवली की कुठलंही दार उघडे, पहारेकऱ्याची बंदूक बंद पडे. आणि तोच तळवा आरोपीच्या माथ्यावर ठेवला की गुन्हेगार मान टाकून मरे. ना जखम, ना किंकाळी. निर्दोष असेल तो उठून घरी जाई.

मंडपाच्या पुकाऱ्याला आम्ही पाठीमागे भोंगा म्हणायचो. तो काठी आपटत गर्जे, “अब्जावधी कोसांवरून महाराज बघतायत!” ठक. “सूर्य चुकेल, महाराज चुकणार नाहीत!” ठक. तिसऱ्या ठोक्याला हात खाली येई आणि लोक गुडघे टेकत.

मीही टेकले होते. गेल्या वर्षी त्या खुर्चीत माझा नवरा मेला, वाट्यापेक्षा जास्त हवा घेतल्याच्या, म्हणजे हवाचोरीच्या आरोपावरून. खुर्चीत मेलेला अकरावा तो. मेला म्हणजे चोर असणारच, असं म्हणून मी लेकीलाही घरात त्याचं नाव घेऊ दिलं नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे ते.

त्याचं नाव घेत राहिल्या त्या एकट्या वन्सं. माझी थोरली नणंद, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी वर्गात एक उदाहरण घातलं: महाराजांकडे निरोप पोचायला अकरा तास, उत्तर यायला अकरा तास. आरोपी दहा वाजता खुर्चीत बसतो आणि दहा वाजून दोन मिनिटांनी मरतो. तर महाराजांनी त्याला पाहिलं केव्हा?

एका मुलीने ते घरी आजोबांना विचारलं. चौथ्या दिवशी वन्संना खुर्चीचं बोलावणं आलं.

खुर्चीत बसवायच्या आदल्या सकाळी मी त्यांना कोठडीत भेटले.

“तू हवाघरात नळ्या जोडतेस,” त्या म्हणाल्या. “बोगद्यात उतरण्याआधी काय करतेस?”

“दिवा पुढे ठेवते. विझला तर हवा मेलेली, पाय टाकायचा नाही. वास येत नाही, घुसमट होत नाही, माणूस नुसता झोपल्यासारखा...” माझी जीभ अडखळली.

“आणि मंडपाच्या दारावर काय लिहिलंय?”

दिवा बाहेर ठेवून या. वीस वर्षं मी कमरेचा दिवा त्या दारातल्या खुंटीला अडकवून आत जात होते. पवित्र जागा म्हणून.

पाचांतला थोरला हात, खुर्चीमागे उभा राहायचा तोच, रोज दुपारी हवाघराच्या तपासणीला यायचा. मी त्याच्यापुढे दिवा धरला. “साहेब, तुमची झडती कोणी घेत नाही. उद्या एवढा खुर्चीत ठेवा. जळत राहिला तर माझ्या नणंदेला खुशाल मारा.”

“मी मारत नाही. महाराज मारतात. माझा तळवा तापतो त्या वेळी.”

“तापायला काय, साहेब, आमची शेगडीही तापते.”

त्याने आपला तळवा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, “आणि विझला, तर त्या अकरा जणांचं काय?”

“अकरावा माझा नवरा,” मी म्हणाले. त्याने दिवा झग्याखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी वन्सं खुर्चीत बसल्यावर त्याने तो त्यांच्या गालाजवळ धरला. भोंगा दचकला, पण आता थांबणार कसा? पहिला ठोका, दुसरा ठोका. ज्योत सरळ. थोरल्याने तळवा माथ्यावर ठेवलाच नव्हता, पट्टीचा हात त्याने पाठीमागे घट्ट धरला होता. तिसरा ठोका पडला. ज्योत आखडली आणि विझली. वन्संची मान कलली.

त्याने त्यांना ओढून बाहेर काढलं. मी धावले. त्या खोकल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

भोंग्याच्या काठीखालची फरशी उचलली. खाली कळ, कळीला नळी, नळी खुर्चीच्या पाठीतल्या बारीक भोकांपर्यंत. आम्ही आग विझवायला वापरतो तोच वायू. नळीच्या सांध्यांवर आमच्या हवाघराचा शिक्का होता.

“महाराजांनीच बसवून दिलंय,” भोंगा पुटपुटला. “कोणाला मारायचं त्याची यादी आधीच येते. मी फक्त काठी आपटतो.”

बावीस तासांनी महाराजांचा हुकूम आला: वन्सं, मी आणि थोरला, तिघांना संपवा. उरलेल्या चार हातांनी तो मंडपात मोठ्याने वाचला. मग, आपणही फसवलेच गेलो होतो हे उमगून, महाराजांनीच दिलेल्या पट्ट्या दाखवून त्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका बंद केल्या आणि उलट निरोप धाडला: हे हात आता तुमचे नाहीत.

थोरला मात्र तिथे थांबला नाही. तो त्या अकरा जणांच्या घरी गेला. आमचं दार लेकीने उघडलं.

“कोण तुम्ही?”

“तुझ्या बापाला मारणारा,” तो म्हणाला, आणि ती दार लावेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.

महाराजांचं आरमार येईलच. त्याआधी एवढं सांगून ठेवते. जिथे दिवा बाहेर ठेवायला सांगतात, तिथे दिवा आधी आत न्या. पोर हिशेब विचारेल तर त्याचं तोंड दाबू नका, हिशेब करून बघा. वीस वर्षं दिवा माझ्या कमरेलाच होता.

थोरला येऊन गेला त्या संध्याकाळी मी लेकीला जवळ घेतलं आणि तिच्या बापाचं नाव घेतलं.