मांजराची ओळ

माझा स्वभाव तापट, आधीच सांगते. थोरल्या जावेशी, भागाअक्काशी, मी वर्षभर बोलत नव्हते. भांडण तिच्या आईनं दिलेल्या खापरावरून. आमच्याकडे मांडे, म्हणजे हातभर मोठ्या पुरणपोळ्या, त्या मातीच्या पालथ्या भांड्यावर भाजतात. ते माझ्या हातून फुटलं आणि मी चारचौघांत शपथ घेतली, मांजरानं फोडलं! अक्का मला खोटारडी म्हणाली, तर उलट मीच अबोला धरला.

मग भडगावजवळ अक्का मोटारसायकलवरून पडली. डोक्याला मार लागला. शुद्धीवर आली तेव्हा मागचं वर्ष पुसलेलं, आणि सकाळी सांगितलेलं दुपारी आठवेना. मला बघून म्हणाली, "उनी का व? जेवनी का?" आलीस का, जेवलीस का, जणू अबोला कधी नव्हताच. मला रडूच फुटलं. माझी जाऊ मला परत मिळाली होती. आता काही झालं तरी ती गमवायची नव्हती.

जळगावच्या दवाखान्यातल्या सारिका मॅडमनी तिला एक वही दिली, कामं आणि आठवणी लिहून ठेवायला. रोज सकाळी ती वाचायची, काम झालं की पुढे बरोबरची खूण करायची. "वहीत फक्त खरं लिहा हं," मॅडमनी मला बजावलं. आणि मी काय केलं? हळूच लिहिलं, 'खापर मांजरानं फोडलं.'

रोज सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात हजर. चहात दोनदा साखर पडायची, दोघी हसत तो पाक प्यायचो. हळूहळू चुका कमी झाल्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर अक्कानं वहीकडे न बघता पुरण वाटलं! मी नुसती नाचायची बाकी होते. तेवढ्यात ती म्हणाली, "दिपमाला, मन्हं खापर फोडी टाकं ना तू?"

मी तिचा हातच धरला. "हो अक्का, मीच फोडलं. मांजराचं मीच लिहिलं. वाट्टेल तेवढं बोल, पण बोलणं बंद करू नको गं."

अक्कानं कपाळावर हात मारला आणि वही पुढे सरकवली. माझ्या ओळीखाली तिचं वाकडंतिकडं अक्षर होतं: 'खोटं. दिपमालानं फोडलं, आज आठवलं. पण ती रोज येते. तिला हे बोलून दाखवायचं नाही. रोज वाच, नाहीतर विसरून बोलून जाशील.' पुढे बरोबरच्या खुणा. तेवीस दिवसांच्या तेवीस.

"मग आज कशी बोललीस?" मी डोळे पुसत विचारलं.

"आज वही वाचानी राही गयी व!"

दोघी पोट धरून हसलो. मग मी पेन घेतलं, मांजराची ओळ खोडली आणि शेजारच्या ताईबाईकडे खापर मागायला पळाले.