फाटलेल्या फोटोतला संघ

आमच्या धंद्यात फोटो ‘फाटतो’. कागदावरचा नव्हे, पडद्यावरचा. इवलासा फोटो ताणून मोठा केला की त्यात चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. नाकाच्या जागी जिना, डोळ्याच्या जागी काळा डाग. हे सांधायचं काम माझं, आणि चित्रं हलती करायचं कामही माझंच. वेबसाइट बांधते ती माझी नणंद. घराच्या पुढच्या खोलीत आमची दोन टेबलं आहेत. सासूबाई त्या खोलीला ‘दुकान’ म्हणतात, आणि आम्ही दोघी भांडायला लागलो की ‘बाजार’.

गिऱ्हाइकं काय काय पाठवतात ते विचारू नका. फोनवर आलेला, चौघांकडून फिरून झिजलेला फोटो पाठवायचा आणि वर म्हणायचं, “तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग करा की मोठा!” हे वाक्य ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. जे फोटोत नाहीच ते मी आणू कुठून? शेजारणीकडून उसनं?

फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरींनीही हेच वाक्य टाकलं, पण त्यांना मी काही बोलले नाही. कारण हा फोटो सासूबाईंच्या संघाचा होता. क्लबच्या बायकांच्या संघाने एकदाच, सासूबाईंच्या तरुणपणी, कप जिंकला होता आणि सासूबाई तेव्हा गोलकीपर होत्या. आता क्लबची नवी वेबसाइट होणार होती आणि उद्घाटनाला हॉलमधल्या भिंतीएवढ्या पडद्यावर त्या संघाची छोटी फिल्म दाखवायची होती. काम मिळाल्याचं कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मिळालं माझ्यामुळे. टिकवा तुमच्यामुळे.”

अडचण एकच होती. संघाचा मूळ फोटो क्लबच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा लगदा होऊन गेला होता. उरली होती ती जुन्या वेबसाइटवरची प्रत. त्या काळी इंटरनेट रांगायचं, म्हणून कुणीतरी फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा करून चढवला होता. त्यात अकरा बायका. एकेकीच्या चेहऱ्याला मूठभर ठोकळे.

नणंदेने नवीन सॉफ्टवेअर आणलं होतं. तिने तो फोटो त्यात घातला, आणि बघता बघता अकरा चेहरे उमलले. नितळ गाल, रेखीव भुवया, दातांच्या पांढऱ्याशुभ्र ओळी. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही भारी वाटलं. नणंदेने तो लगेच सेक्रेटरींना पाठवला. त्यांचा फोन आला, “मॅडम, तोडलंत! हाच घ्या!” मग आम्ही मोठ्या तोऱ्यात सासूबाईंना हाक मारली.

सासूबाईंनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“ह्या कोण?”

“अहो आई, तुमचा संघ!”

“आमचा?” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “ही आमची मुंगी ना? संघात हेच नाव तिचं. मुंगीचे दात पुढे होते. पेरू खायला घेतला की आम्ही तिलाच आधी फोडायला द्यायचो. ही टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाई कुठून आली? आणि ही मी? माझं नाक एवढं सरळ असतं तर तुझे सासरे जन्मभर चेष्टा कशाची करत बसले असते?”

नणंद हसली आणि त्यांना समजावायला लागली. “आई, फोटोत चेहरे उरलेच नव्हते गं. ह्या सॉफ्टवेअरने लाखो चेहरे बघितलेत. त्यातलं शोभेल ते अंदाजाने भरतं.”

सासूबाई हसल्या नाहीत. “ढोली गेली. बगळी गेली. त्यांची मुलं येणार आहेत कार्यक्रमाला. त्यांना दुसऱ्याच कुणा बायका दाखवून ‘ही बघ तुझी आई’ म्हणायचं? हे लावणार असाल तर मी येणार नाही.” चष्मा काढून त्या आत निघून गेल्या.

मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, “काकूंना समजवा ना. कोणाला कळणार आहे?”

“काकूंना कळलंय,” मी म्हटलं. “आणि आता मलाही. तो फोटो आम्ही लावणार नाही.”

ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण कार्यक्रम तोंडावर आलेला. म्हणाले, “मग भिंतीवर शोभेल असं दुसरं काहीतरी द्या. ठोकळे नकोत. नाहीतर मी नुसता कपाचा फोटो लावतो. कप तरी चकाकतो.”

नुसता कप! खेळल्या ह्या आणि भिंतीवर पितळ. माझं डोकं असं फिरलं की मी नणंदेला उगाचच चहा करायला पिटाळलं आणि तो तिकिटाएवढा मूळ फोटो पुन्हा उघडला. तसाच, फाटलेला, पडदा भरून. जवळून बघावं तर नुसती फरशी. आमच्यात एक सवय असते: असा फोटो दारापाशी जाऊन, डोळे बारीक करून बघायचा. लांबून ठोकळे एकमेकांत मिसळतात आणि जे खरोखर आत आहे तेवढंच दिसतं. मी दारात जाऊन उभी राहिले. मागून सासूबाई आल्या. राग आला तरी त्यांना चैन पडत नाही.

“डोळे बारीक करून बघा,” मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “ती बघ बगळी. मान बघ तिची. आणि ती कडेला ढोली, एका पायावर भार टाकून. बाई कधी दोन पायांवर उभी राहिली नाही.”

चेहरा फाटला होता, बांधा फाटला नव्हता. मला तिथेच सुचलं. चेहरे नाहीत तर नकोत. बांधा आहे, आणि ह्या बायका धावायच्या कशा ते माहीत असलेलं माणूस माझ्या शेजारी उभं आहे. मग चित्रच काढायचं, रेघेचं आणि हलतं. रेघेचं चित्र कॉम्प्युटर ठोकळ्यांनी साठवत नाही. कुठून निघाली, कुठे वळली, एवढंच लक्षात ठेवतो. भिंतीएवढं करा, डोंगराएवढं करा, फाटत नाही.

“आई, ढोली धावायची कशी?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि घरातल्या बोळात गेल्या. ह्या वयात, गुडघ्यांना रोज तेल लागतं अशी बाई, ढोली होऊन धावली. खांदे मागे, पोट पुढे, पावलं दाणदाण. चहा घेऊन आलेल्या नणंदेने फोन काढून चित्रण सुरू केलं. नेमका तेव्हाच माझा नवरा दार उघडून आत आला आणि दारातच थिजला.

“आई! काय झालं?”

“बाजूला हो,” सासूबाई ओरडल्या, “ढोली येतेय!”

त्या दिवशी आमच्या बोळातून मुंगी धावली, बगळी धावली, एकीमागून एक संघातल्या बाकी सगळ्या बायका धावल्या. एकच बाई, पण दर वेळी चाल वेगळी. मी आणि नणंद हसून हसून भिंतीला टेकलो होतो. पण हसता हसता माझा ऊर भरून आला होता, हेही सांगते. आपल्या घरात एवढा मोठा खेळाडू आहे आणि आपण तिच्याशी मिठाच्या प्रमाणावरून वाद घालत बसतो!

मग माझं काम सुरू झालं. चित्रणातली एकेक चौकट थांबवायची, तिच्यावर रेघ ओढायची, पुढची चौकट, पुढची रेघ. उंची, खांदे, केसांचा आकार, बाह्यांची लांबी, सगळं फाटक्या फोटोतून. चाल सासूबाईंची. त्या शेजारी बसून नाकी नऊ आणत होत्या. “एवढा पाय नाही गं उचलायची ती.” मी पुसायचे. “आता फारच कमी झाला.” मी परत पुसायचे. पण पुसून पुन्हा काढल्यावर त्या “हं” म्हणायच्या तेव्हा मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं.

दहाजणी झाल्या. मी म्हटलं, “आता तुम्ही.”

“मी काय?”

“गोलात तुम्ही कशा उभ्या राहायच्या ते दाखवा.”

सासूबाई बोळाच्या टोकाला गेल्या आणि उभ्या राहिल्या. ताठ, हात फाकवून, बुजगावण्यासारख्या. त्यांनाही ते जाणवलं. पुन्हा वाकून बघितलं, आणखी वाईट. शेवटी हात खाली सोडले.

“मला काय माहीत गं? मी खेळभर ह्या दहाजणींच्या पाठी बघत उभी असायचे. स्वतःला कुठून बघणार?” मग नजर चुकवून म्हणाल्या, “काढ कशीही. गोलकीपर म्हणजे गोलकीपर. एवढं काय.”

ढोलीच्या एका पावलासाठी मला रडवणारी बाई स्वतःसाठी ‘कशीही’ म्हणत होती. फोटोतही त्या मागच्या रांगेत, दोघींच्या आड अर्ध्या झाकलेल्या. तिथून मिळण्यासारखं काही नव्हतं.

पण मला ती बाई रोज दिसत होती. माझ्या हातून काहीही निसटलं, वाटी, लिंबू, फोन, की ते जमिनीला लागायच्या आत सासूबाईंच्या हातात असतं. आधी त्या गुडघ्यात वाकतात, टाचा उचलतात, डावा हात खाली, उजवा थोडा पुढे, मान किंचित तिरकी. माझी मुलगी पहिली पावलं टाकत होती तेव्हा खोलीच्या पलीकडे त्या तशाच उभ्या होत्या. मला तेव्हा ह्याचा संताप यायचा. वाटायचं, ह्यांना माझ्या हातांचा भरवसाच नाही. आता मी ते सगळं आठवून आठवून कागदावर उतरवलं, मग कॉम्प्युटरवर. सासूबाईंना दाखवलं नाही. नणंदेला दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, “वहिनी, ही आई आहेच. पण ही आपली आई. त्यांची गोलकीपर अशी होती का?”

मी फिल्म तशीच सेक्रेटरींना पाठवून दिली.

सेक्रेटरींनी फिल्म बघितली आणि विचारलं, “मॅडम, चेहरे कुठायत?”

“फोटोत नाहीत, म्हणून चित्रात नाहीत.”

त्यांनी सुस्कारा सोडला, पण फिल्म लावू दिली.

कार्यक्रम दुपारचा होता. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत संघातल्या हयात असलेल्या बायका, कुणी काठी घेऊन, कुणी नातीचा हात धरून. सासूबाई त्यांच्या मधोमध. त्यांच्या मागच्या रांगेत मी आणि नणंद. दिवे मालवले. पडद्यावर आधी तो फाटका फोटो आला, तेवढाच, तिकिटाएवढा. मग त्यातून एक रेघ उठली, भिंतभर झाली आणि धावायला लागली.

“मुंगी!” पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि खुद्द मुंगी, पुढचे दात दाखवत, खुर्चीतून उठली.

त्यानंतर थांबणं नव्हतं. एकेक चाल पडद्यावर आली की आधी हाक, मग टाळ्या. बगळी आली तेव्हा मागे एक पोक्त गृहस्थ उभे राहिले आणि शेजारच्याचा दंड धरून म्हणाले, “आई! बाजारातून येताना अशीच यायची. मी खिडकीतून मानेवरनं ओळखायचो.” ढोलीच्या दोन्ही मुली एकदमच हसायला आणि रडायला लागल्या. सेक्रेटरी भिंतीशी उभे राहून एकदा पडद्याकडे, एकदा लोकांकडे बघत होते.

शेवटी रिकामा गोल आला. त्यात ती आली. गुडघ्यात वाकली, टाचा उचलल्या, मान तिरकी केली.

कुणी हाक मारली नाही. मला वाटलं, चुकलं. मी माझ्या सासूला काढलं, ह्यांच्या गोलकीपरला नाही. नणंदेने माझा हात घट्ट धरला.

“कडी!” मुंगी किंचाळली. “अगं, कडी आली!” आणि मग पहिली रांगच्या रांग, काठ्या आपटत, “कडी! कडी! कडी!”

आमच्या घरात हे नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं. नणंद आ वासून बघत राहिली. मुंगी आमच्याकडे वळून म्हणाली, “हिने गोलाला कडी लावली की काय बिशाद होती बॉल आत जायची! अशीच उभी राहायची, अस्सीच!”

सासूबाई मात्र पडद्याकडेच बघत होत्या. नजर न हलवता त्यांनी मला विचारलं, “ही मी?”

“हो आई.”

“मी अशी दिसायचे?”

“अजूनही दिसता. रोज.”

दिवे लागले. सेक्रेटरी पुढे येऊन माझं नाव घेणार होते, पण सासूबाई त्यांच्या आधी उठल्या. इतक्या वर्षांत माझ्या कौतुकात ‘बरं झालंय’ याच्यापुढे मजल न गेलेली ती बाई. मागे वळून त्यांनी माझं मनगट पकडलं, मला उभं केलं आणि मैदानात मारावी तशी मोठ्याने हाक दिली.

“ही माझी सून! हिने मला बघितलंय!”

आणि पकड अशी, की सुटायचं माझ्या मनातही आलं नाही.