सुरातली लहर

आमचं दुकान वाद्यदुरुस्तीचं होतं, पण तिथे दुरुस्तीपेक्षा उत्तरंच जास्त दिली जायची. आमच्याकडे पहिला सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारा कीबोर्ड, आला तेव्हा लोक नुसता बघायला यायचे आणि विचारायचे, "यात वाजवणारा कुठे बसतो?" आमचे हे गंभीरपणे सांगायचे, "बाहेरच बसतो. आत जागा नाही."

मी तेव्हा ऑर्केस्ट्रात तसलाच एक सिंथ वाजवायचे. तो तापल्याशिवाय सुरात यायचा नाही. म्हणून कार्यक्रमाच्या कितीतरी आधी मी तो चालू करायचे आणि शेजारी खुर्ची टाकून विणत बसायचे. ह्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते असं. लग्नानंतर म्हणाले, "मला वाटलं होतं, मशिनवर राखण ठेवलीय."

आता दुकान नाही. पुढची खोली तेवढी ह्यांची. टेबल, डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न, स्क्रूंचे डबे आणि फोन. सूनबाईने ह्यांचा नंबर कुठल्याशा वादकांच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून आमच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं.

"काका, जुना सिंथ घेऊ की डिजिटल कीबोर्ड?"

"जुना सिंथ म्हणजे घरी आलेली मोठी आत्या," हे सांगतात. "आधी बसू द्या, ऊब येऊ द्या, मग बोला. डिजिटल म्हणजे खिडकीतला कारकून. कधीही जा, त्याच सुरात बोलणार. तुम्हाला घरात कोण चालेल ते बघा."

"काका, कीबोर्डचे दिवे लागतात, पण आवाजच नाही."

"हेडफोनची पिन काढा."

पलीकडे जरा खुडबुड होते. मग, "आला."

अशा माणसाचे कान गेले. एकदम नाही, वरच्या सुरांपासून हळूहळू. लोक फोनवर आवाज ऐकवायचे आणि हे तीनतीनदा "काय?" विचारायचे. शेवटी सूनबाई त्यांना धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. येताना दोन्ही कानांत यंत्रं. पहिल्या दिवशी म्हणाले, "तू भांडी फारच आपटतेस गं."

"आजच कळलं?" मी म्हटलं.

दोनतीन दिवसांत एक शाळेचा डिजिटल कीबोर्ड आला. ह्यांनी एक पट्टी दाबून धरली, डोळे मिटले आणि मान हलवली. "सूर लहरतोय. चिप गेली याची." मला तर सूर सुतासारखा सरळ ऐकू येत होता. तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "तुझे कान आता थकले."

कान ज्यांचे थकले, त्यांनी हे म्हणावं. संसारात काही गोष्टी गप्प बसूनच पुढे जातात.

मग घाईबाई आली. नाव आम्हीच ठेवलेलं. नाटकांना संगीत वाजवते, दारातूनच बोलायला लागते आणि चहा उभ्यानेच पिते. तिच्याकडे तिच्या गुरूंनी दिलेला जुना सिंथ आहे. शनिवारी तिच्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्यात एका अख्ख्या प्रवेशात मागे एकच सूर, हलू न देता, धरून ठेवायचा होता. ती फक्त विचारायला आली होती, "काका, एवढा वेळ धरला तर हा टिकेल ना?"

सिंथ चालू करून आम्ही नियमाप्रमाणे थांबलो. मग ह्यांनी सूर धरला. चेहरा उतरला.

"हा तर पाण्यावर तरंगल्यासारखा वाजतोय."

"मला नाही ऐकू येत तसं," घाईबाई म्हणाली.

"तुला सवय झालीय. ठेवून जा. शुक्रवारी संध्याकाळी ने."

ती माझ्याकडे बघत राहिली. ह्यांचा शब्द या धंद्यात आजवर कोणी खाली पडू दिलेला नाही. ती ठेवून गेली.

ह्यांनी झाकण उघडलं. एक भाग बदलला, दुसरा बदलला, आतले बारीक स्क्रू फिरवून फिरवून सूर जुळवला. लहर जाईना. जेवणावर लक्ष नाही. फोन वाजला तर म्हणायचे, "तूच घे. सांग, काका कामात आहेत." मला एकदा एवढंच म्हणाले, "हे जमलं नाही, तर लोकांनी मला कशाला विचारायचं?"

शुक्रवारी दुपारी धुण्याच्या मशिनने काम संपल्याची लांब शिट्टी दिली. हे हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊनच उठले.

"हिचाही सूर लहरतोय. मागचं झाकण काढून बघतो."

"बाबा, मशिनला हात लावायचा नाही," सूनबाई आडवी आली. "ती कपडे धुते. तिने सुरात कशाला धुवायला हवं?"

मी मात्र हातातली भाजी खाली ठेवली. शाळेचा कीबोर्ड, घाईबाईचा सिंथ आणि आमचं धुण्याचं मशिन. तीन घरच्या माणसांना एकच दुखणं झालं, तर ती एकाच विहिरीचं पाणी पीत असणार.

"अहो, जरा इकडे बसा. आणि ती यंत्रं काढा कानातून."

"काढली तर ऐकू कसं येईल?"

"मधले सूर अजून ऐकू येतात तुम्हाला. काढा."

मी सिंथवर मधला सूर धरला. हे कान टेकवून ऐकत राहिले. मग यंत्रं घातली. पुन्हा काढली. पुन्हा घातली. मी पट्टीवरचं बोट हलवलं नाही.

"सरळ आहे," शेवटी म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकून बसले.

सूनबाईने कानाच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, ही यंत्रं कधीकधी आपणहून शिट्टी मारतात; लांब सूरही त्यांना तीच शिट्टी वाटतो, ती दाबायला जातात आणि त्यात सूर लहरतो. बोलण्यात हे होत नाही. गाण्यासाठी वेगळी सोय करून देतो, सोमवारी या. मग त्याने विचारलं, आठवडाभर कळलं कसं नाही? सूनबाईने फोन ह्यांच्या हातात दिलाच नाही.

आता खरी पंचाईत. धडधाकट सिंथ ह्यांनी नसलेली लहर घालवायला फिरवून फिरवून खरंच बेसूर केला होता. आम्ही दोघं बसलो. खालचे सूर ह्यांनी यंत्रं काढून जुळवले. वरचे मी ऐकले आणि बोटाने खूण करत गेले, वर, अजून, बास. "थकलेल्या कानांना जमतंय ना?" मी विचारलं. ह्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

घाईबाई दारातूनच बोलत आली. "झाला? काय होतं काका?"

काय सांगायचं ते सोपं होतं. भाग बदललेच होते. 'एक कॅपॅसिटर गेला होता' म्हटलं असतं, तर तिने मान डोलावली असती. ह्यांनी फडक्याने हात पुसले, नुसतेच, बराच वेळ.

"तुझ्या सिंथला काही झालं नव्हतं. लहर माझ्या कानातल्या यंत्रात होती. आणि नसलेला दोष काढता काढता मी तो बिघडवला. आता हिने आणि मी जुळवलाय. तू वाजवून बघ, मगच ने."

ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. वरपासून खालपर्यंत सगळं वाजवलं. "छान आहे," म्हणाली. "म्हणजे मीच बरोबर होते."

"होतीस."

"हे एकदा लिहून द्या काका, भिंतीवर लावते." मग जायला उठली आणि थांबली. "पण ती लहर होती कशी? मला ऐकायचीय."

"ती कशाला?"

"तो सूर ज्या प्रवेशात आहे ना, त्यात म्हाताऱ्याला स्वतःचं घर ओळखू येत नाही. माझा सरळ सूर तिथे कोरडा वाटतोय. दाखवा ना. यातलं काय फिरवू?"

ह्यांनी कानातली यंत्रं काढली आणि खुर्ची पुढे ओढली. एक बटण जरासं फिरवलं, दुसरं मागे घेतलं, मान हलवली, पुन्हा फिरवलं. मग हात काढून घेतला. "अशी."

सूर खोलीभर पसरला. भिंतीसुद्धा जागेवर नाहीत असं वाटावं, असा डुलत होता. सूनबाई दारात येऊन उभी राहिली.

"आठवडाभर तुम्ही हे ऐकत होता?" मी विचारलं.

"हं."

"मग सांगायचंत ना."

"रोज सांगत होतो," हे म्हणाले, आणि घाईबाईला ती दोन बटणं कुठवर फिरवायची ते पुन्हा दाखवायला लागले.